डाळ पातळ होते तेव्हा

पालकहो,

महिन्याची वीस-बावीस तारीख उलटली की बऱ्याच घरांत आमटी पातळ व्हायला लागते. मग पालेभाजी दोन दिवसांआड येते, दूध चहापुरतं उरतं, शेंगदाण्याचा कूट भाजीतून गायब होतो. भात-चपाती मात्र असतेच. मुलं पोटभर जेवून उठतात आणि आपणही मनाशी म्हणतो, चला, उपाशी तर कुणी झोपलं नाही.

आज याच विषयावर तुमच्याशी बोलायचं आहे. तुटपुंज्या पैशात घर कसं चालवायचं हे तुम्हाला कुणी शिकवायला नको, ते तुम्ही रोज करताच. पण टंचाई घरात नेमकी कुठून शिरते, मुलाच्या अंगावर कशी उतरते आणि अशा वेळी काहीही झालं तरी काय सोडायचं नाही, एवढं आपण जरा निवांत बोलू या.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना जगभरातल्या कुटुंबांची अन्नाची चणचण मोजायला आठ प्रश्न विचारते. ‘तुम्ही उपाशी राहिलात का?’ हा त्यातला पहिला प्रश्न नाही. तो थेट सातवा आहे. पहिला प्रश्न काळजीचा आहे: घरातलं अन्न पुरेल की नाही, याची गेल्या वर्षभरात काळजी लागली होती का? दुसरा असा: पैशाअभावी पौष्टिक अन्न घेता आलं नाही, असं झालं का? तिसरा: ठरावीक दोन-तीन पदार्थांवरच भागवावं लागलं का? त्यानंतर जेवण चुकणं, कमी खाणं, डबे रिकामे होणं, भूक असून न जेवणं आणि शेवटी अख्खा दिवस उपाशी जाणं.

हा क्रम कुठल्याही आईला सांगावा लागत नाही. टंचाईत आधी झोप उडते, मग ताटातले पदार्थ कमी होतात आणि पोट रिकामं राहायची वेळ फार उशिरा येते. आपण मात्र सातव्या प्रश्नालाच भूक समजतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणावं लागतंय हे लक्षात येत नाही, आलं तरी ‘सगळ्यांचंच असं आहे’ म्हणून आपण पुढे जातो. वाढत्या मुलाचं नुकसान तिथूनच सुरू झालेलं असतं.

लहान बाळाच्या बाबतीत कुणाचं तरी लक्ष असतं. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीताई वजन करते, तक्त्यावर ठिपका देते, घरी येऊन विचारते. मूल पहिलीत गेलं की तो तक्ता बंद होतो. आरोग्य तपासणीचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. एरवी मूल बारीक असेल तर ‘त्याचा बांधाच तसा’, सुस्त असेल तर ‘अभ्यासाचा कंटाळा’. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात देशभर पोषणाचं मोठं सर्वेक्षण केलं. त्यात पाच ते नऊ वर्षांच्या शंभर मुलांमागे २२ मुलं वयाच्या मानाने बुटकी, २३ हडकुळी आणि २४ रक्तक्षयाची निघाली. दहा ते एकोणीस वयोगटात रक्तक्षयाचं प्रमाण २८ होतं. तेव्हा आपल्या मुलाच्या वर्गात अशी मुलं आहेतच, आणि त्यातलं एखादं आपलंही असू शकतं.

आता थोडा हिशेब करू. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस सांगते. अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. म्हणजे रोजचं १६५ ग्रॅमच्या आसपास, सुमारे साडेपाचशे कॅलरी. शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलाला जो पोषण आहार मिळतो, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं सरकारी प्रमाण आहे. रेशन आणि शाळा मिळून हजार कॅलरी झाल्या. उरलेल्या सातशे आपल्याला विकत आणायच्या असतात. सुटीच्या दिवशी शाळेच्याही वजा होतात. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरावी असं म्हटलंय. म्हणजे वर्षातले दीडशेहून जास्त दिवस दुपारचं ते ताट नसतं. रविवार, दिवाळी आणि सगळ्यात लांबलचक म्हणजे उन्हाळा. किराण्याचा खर्च मे महिन्यात का वाढतो, याचं उत्तर यातच आहे.

या हिशेबात आणखी एक गोम आहे. रेशनवर मिळतो तो मुख्यतः तांदूळ आणि गहू. धान्यातही प्रथिनं असतात, पण त्यांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो आणि वाढत्या शरीराला तो लागतोच. डाळी-कडधान्यांत लायसिन भरपूर असतं. म्हणून भाताला आमटी, भाकरीला पिठलं, खिचडीत मूग, थालीपिठात हरभरा. आपल्या आज्यांनी शास्त्राचं नाव न घेता ही जोडी घालून ठेवली आहे. पैसे कमी पडले की आपण नेमकी हीच जोडी मोडतो. डाळ महाग, तांदूळ फुकट, मग भात वाढतो आणि आमटी पाण्यावर जाते. मुलाचं पोट भरतं, वजनही फारसं उतरत नाही, पण उंची थबकते, स्नायू भरत नाहीत, आजारपणं रेंगाळतात.

म्हणून माझी एकच आग्रहाची विनंती आहे: काही कमी करायची वेळ आली, तर मुलांच्या वाटीतली डाळ शेवटी कमी करा.

यासाठी एक सोपं माप लक्षात ठेवा. शाळेच्या पोषण आहारात १०० ग्रॅम तांदळामागे २० ग्रॅम डाळ धरली आहे, म्हणजे पाचास एक. घरातही निदान तेवढं सांभाळायचं. चौघांच्या घरात रेशनचं वीस किलो धान्य येत असेल, तर महिन्याला चार किलो डाळी-कडधान्य हवं. मजुरीचे किंवा पगाराचे पैसे हातात पडले की पहिल्या दोन दिवसांतच ते घेऊन डब्यात भरून टाका, बाकीचा हिशेब त्यानंतर. भाजी, दूध थोडं थोडं घ्यावं लागतं, कडधान्याला ती अडचण नाही. सगळी तूरच हवी असंही नाही. हरभरा, मसूर, मटकी, कुळीथ, चवळी यांतलं त्या महिन्यात जे स्वस्त असेल ते घ्या. कुळथाचं पिठलं, मटकीची उसळ, हरभऱ्याच्या डाळीचा झुणका हे काही कमी प्रतीचं जेवण नाही.

मधल्या वेळचं खाणंही बघा. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा हातात दिला की मूल गप्प बसतं. पण त्यात असतो तो मैदा, साखर आणि तेल. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत मात्र साडेसात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि दीडशेहून जास्त कॅलरी असतात, आणि सुट्या किराण्याच्या भावाने ते जवळपास तेवढ्याच पैशांत येतात. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, दाण्याच्या चटणीशी अर्धी भाकरी, रात्रीची उरलेली चपाती कांदा-दाण्याचा कूट घालून फोडणीला टाकलेली, यांतलं काहीही बिस्किटापेक्षा सरस. नाचणीला आपण उगीच गरिबाचं धान्य म्हणून बाजूला टाकलं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तर पांढऱ्या तांदळात दहा मिलिग्रॅमही नसतं. दूध परवडत नाही त्या घरात नाचणीची भाकरी किंवा आंबील हाडांसाठी मोठा आधार आहे. किनारपट्टीवर सुकट, जवळा हीही तशीच ताकदीची आणि त्या मानाने स्वस्त चीज. परसात शेवगा असेल तर पाल्याची भाजी फुकटच.

सकाळच्या चहाचंही बोलायला हवं, कारण कितीतरी मुलं चहा-चपाती खाऊनच शाळेत येतात. चहातले घटक अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत. चहा अगदीच सोडवत नसेल तर जेवणाच्या आधी-नंतर तासभर तरी लांब ठेवा. उलट लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो यांतल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. उसळीवर पिळलेली लिंबाची फोड फक्त चवीसाठी नसते. कडधान्याला मोड आणले की त्यातलं लोह शरीराला जास्त सहज मिळतं.

लोहाच्या बाबतीत मुलींच्या आयांनी जास्त जागं राहावं. नवव्या वर्षापर्यंत मुलाला आणि मुलीला दिवसाला सारखंच, १५ मिलिग्रॅम लोह लागतं. दहा ते बारा या वयात मुलाची गरज १६ च्या आसपास राहते, मुलीची मात्र २८ वर जाते. नेमकं त्याच वयात आपण तिला सांगायला लागतो की आधी बाबांना वाढ, दादाला वाढ, मग तू बस. आईचं तर विचारूच नका. टंचाईत पहिलं ताट आईचंच रिकामं होतं आणि ‘मला भूक नाही’ हे वाक्य मुली तिच्याकडून न शिकवताच शिकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हा ताई, सगळ्यांसोबत बसून जेवा. अन्न मोजकं असेल त्या दिवशी तर नक्कीच सोबत बसा, म्हणजे कुणाच्या वाट्याला काय आलं ते सगळ्यांना दिसेल.

रक्तक्षयाची काही लक्षणं घरच्या घरी कळतात. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, आतला भाग फिकट दिसतो का? जीभ, नखं पांढुरकी वाटतात का? जिना चढताना धाप लागते का? आणि मूल पाटीवरची पेन्सिल, खडू, माती, कच्चे तांदूळ खातं का? या शेवटच्या सवयीसाठी मुलं मार खातात. त्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते आणि रागावून ती भरून येत नाही. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते: पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, दहाच्या पुढच्यांना निळी. ती जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. शौचाला काळसर झाली तर घाबरू नका, ते गोळीमुळे होतं. जंताची गोळीही चुकवू नका, नाहीतर आपण घातलेलं अन्न जंतच खात बसतात.

आणखी एक बिनखर्चाचं काम. वर्षातून दोनदा, शाळा सुरू होताना आणि जानेवारीत, मुलाला भिंतीशी उभं करून पेन्सिलीने खूण करा. सहाव्या वर्षापासून वयात येईपर्यंत मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात आणि दोन-तीन किलो वजन मिळवतात. वर्षभरात खूण जेमतेम सरकली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला न्या.

आता हक्काच्या गोष्टींकडे येऊ. पुष्कळ चांगली माणसं इथे लाजेने मागे राहतात.

पहिली गोष्ट रेशनकार्ड. तुमच्या प्रत्येक मुलाचं नाव त्यावर चढलंय का, ते आजच बघा. एक नाव राहिलं म्हणजे महिन्याला पाच किलो गेलं. ‘इष्टांक भरलाय’, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या पूर्ण झाली, असं उत्तर मिळालं तरी तहसील किंवा शिधावाटप कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या, तोंडी बोलण्याची कुठेच नोंद होत नाही. धान्य कमी मिळत असेल तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी लक्षात ठेवावं, आपलं धान्य आता दुसऱ्या गावाच्या दुकानातही अंगठा लावून उचलता येतं. पण मूल सोबत गेलं की शाळेतलं ताट सुटतं, म्हणून गावात हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, हे दिवाळीच्या आधीच गुरुजींना विचारा.

दुसरी गोष्ट शाळेतलं जेवण. ते कुणाच्या मेहेरबानीचं नाही. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा तो हक्क झाला. ठरलेलं अन्न मिळालं नाही तर भत्ता द्यावा लागतो, हेही त्याच कायद्यात आहे. २०१६ च्या दुष्काळात न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुटीतही जेवण चालू ठेवायला सांगितलं होतं. तेव्हा ‘खिचडी काय गरिबांची पोरं खातात’ असं घरात कुणी म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबवा. मूल ते ऐकतं आणि दुसऱ्या दिवशी भूक असून ताट घ्यायला लाजतं.

ज्यांच्या घरी चणचण नाही अशा पालकांशीही इथे दोन शब्द. तुमच्या मुलाला आठवड्यातले काही दिवस तरी डब्याऐवजी पंगतीत बसू द्या. सगळे बसले की ताट घेण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, आणि तुमचं मूल जेवायला लागलं की जेवणाच्या दर्जाकडे तुमचंही लक्ष जातं. आठवड्याला एक अंडं, आणि अंडं न खाणाऱ्याला फळ, असा चांगला निर्णय राज्याने २०२३ च्या अखेरीस घेतला होता. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा सरकारी निधी थांबला. काही गावांनी हे काम आपल्या अंगावर घ्यायला हरकत नाही. वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं वाटण्यापेक्षा ‘तिथी भोजन’ म्हणून सगळ्यांना उकडलेली अंडी, केळी किंवा मटकीची उसळ देता येते. मात्र देणाऱ्याचा फोटो आणि घेणाऱ्याचं नाव, दोन्ही टाळा.

आठवीनंतर ही सगळी योजना थांबते, हे पालकांच्या फारसं ध्यानात येत नाही. तेरा ते पंधरा वयात मुलाची गरज २८०० कॅलरींच्या वर आणि मुलीची २४०० च्या घरात जाते. भूक सगळ्यात मोठी असते तेव्हाच दुपारचं ताट बंद होतं. नववीत गेलेलं लेकरू दुपारी काय खातं, डबा नेतं की वडापाववर भागवतं, याची चौकशी करा. डब्यात दोन चपात्या आणि घट्ट उसळ एवढं ठरवून टाका.

शेवटचं थोडं मनाचं. अडचण मुलांपासून लपवता येते असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात संशोधकांनी थेट मुलांशीच बोलून पाहिलं, त्याचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. घरातलं अन्न संपत आलंय हे मुलांना नीट माहीत होतं आणि आईवडिलांना न सांगता ती स्वतःच कमी खात होती. आपल्याकडची मुलं काही वेगळी नाहीत. लेक अचानक ‘मला भाजी नको’ म्हणू लागली तर तो नखराच असेल असं धरून चालू नका. तिला जवळ घेऊन तिला झेपेल एवढं खरं सांगा: या महिन्यात पैसे कमी आहेत, पण जेवायचं सगळ्यांनी आहे, आणि पैशांची काळजी आम्ही करू. ‘किती खातोस’, ‘राक्षसासारखं खाऊ नकोस’ ही वाक्यं रागातही तोंडातून जाऊ देऊ नका. वाढीच्या वयात भूक लागणं हा मुलाचा दोष नव्हे.

आणि शाळेत बोला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. जेवण वाढण्याआधी ते चाखून नोंद करायची असते, ती वही मागून बघा, स्वतः घास घेऊन बघा, डाळ किती टाकली ते स्वयंपाकी ताईंना विचारा. त्यांचं मानधन वेळेवर होतं का, हेही विचारा, कारण त्यांच्या घरीही मुलं आहेत. एकटी आई बोलली तर ते गाऱ्हाणं ठरतं, दहा पालकांनी सभेत तोच प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर इतिवृत्तात लिहावं लागतं. पुढच्या पालकसभेत परीक्षेच्या वेळापत्रकाआधी ताटाचा विषय घ्यायला लावा.